भिंगऱ्यांची आवक

नोंदकाकांनी आयुष्यात कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढाच ती ऐकून ऐकून इमारतीतल्या लोकांना कंटाळा आला होता. शिडी मागितली नाही, पक्कड मागितली नाही, पाहुणे जास्त आले म्हणून दोन खुर्च्या मागितल्या नाहीत. पाहुण्यांनाच पाळीपाळीने बसवलं. चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. आलेल्या कागदावर क्रमांक घालायचा, वहीत चढवायचा, पुढे ढकलायचा. निवृत्तीनंतर कागद यायचे थांबले, पण हात काही थांबेना. नळाला पाणी कधी आलं, लिफ्ट कधी बंद पडली, वरच्या मजल्यावर खुर्ची कितीदा सरकली, सगळं वहीत. 'नोंदकाका' हे नाव त्यांना कुणी पाडलं याचीही नोंद त्यांच्याकडे असणार, पण ती ते दाखवत नसत.

अशा माणसावर पाखरांच्या मागे धावायची वेळ आली ती काकूंमुळे.

काकू अडीच महिन्यांपूर्वी जिन्यात पाय घसरून पडल्या. मांडीपासून पावलापर्यंत प्लॅस्टर. ते एकदाचं निघालं, डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून "हाड झकास जुळलंय" असं सर्टिफिकेट दिलं, आणि रोज थोडं थोडं चालायला सांगितलं. नाही चाललात तर गुडघा आखडेल तो कायमचा, हेही स्वच्छ सांगितलं. झालं! काकूंनी चालणं सोडून बाकी सगळं केलं. नवाकोरा वॉकर पलंगाशेजारी उभा, आणि त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. "चल, दोन पावलं टाकू," असं काका म्हणाले की काकू म्हणायच्या, "उद्या बघू." दोनदा उठवून उभं केलं तर थरथर कापायला लागल्या. पडण्याची धास्तीच घेतली होती त्यांनी.

त्यातून झोपायची खोली आतल्या बाजूला. तिची खिडकी उघडायची ती सांडपाण्याचे पाइप उतरतात त्या बोळात. काकू दिवसभर पाइपांकडे बघत पडून राहायच्या. जेवण चार घास, बोलणं त्याहून कमी. एके काळी ज्यांच्या बोलण्यापुढे काकांना 'हं' म्हणायलाही जागा मिळत नसे, त्या बाई गप्प झाल्या, आणि काकांना घर खायला उठलं. पण हे सांगणार कुणाला? सांगायचं म्हणजे मागण्यासारखंच की.

पावसाळा सरला तशी एका सकाळी काकूंनी आपणहून विचारलं, "अहो, भिंगऱ्या आल्या का हो?"

"कसल्या भिंगऱ्या?"

"कसल्या म्हणजे? पाखरं. दरवर्षी येतात. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर तारेवर बसतात. आधी दोन-तीनच येतात, मग मागून बाकीच्या. मी सांगते ना तुम्हाला दरवर्षी."

काकांना अंधुक आठवलं. दरवर्षी या सुमाराला काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आल्या बरं का!" आणि काका पेपरामागून म्हणायचे, "हं." अठ्ठावीस वर्षं ते 'हं' म्हणत आले होते. कशाला, ते आज कळलं. त्यांना मनातून फार ओशाळल्यासारखं झालं.

"मी बघतो," ते म्हणाले. "आल्या की पहिली बातमी तुला."

"नक्की?" काकूंनी पाइपांवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी.

त्या एका बघण्यासाठी काकांनी हत्ती आणायचंही कबूल केलं असतं. भिंगऱ्या म्हणजे काय, बोटभर पाखरं.

पण चौतीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस नुसता खिडकीत उभा राहून आकाशाकडे बघेल होय? आधी पूर्वपीठिका नको? काकांनी नवी वही काढली, रकाने आखले, आणि काकूंच्या उशाशी बसून गेल्या अठ्ठावीस वर्षांच्या तारखा विचारायला सुरुवात केली. काकूंना तारीख एकही सांगता येईना, पण आठवण मात्र पक्की. "कुकरचा व्हॉल्व्ह उडाला ना, त्याच दिवशी आल्या." "तुमची बढती हुकली आणि तुम्ही जेवला नाहीत, त्याच्या आदल्या दिवशी." "धाकटीला गोवर आला तेव्हा." काकांनी जुन्या वह्या काढून कुकर, बढती आणि गोवर यांच्या तारखा शोधल्या, सरासरी काढली आणि भिंगऱ्यांच्या आगमनाचा दिवस मुक्रर केला. तो दिवस आला. भिंगऱ्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांनी वहीत लिहिलं, 'विलंब : एक दिवस. कारण कळविलेले नाही.'

स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या असलेल्या काकांना खालून इमारतीच्या सेक्रेटरींनी पाहिलं. सेक्रेटरी म्हणजे जगातला प्रत्येक प्रश्न आपल्याला विचारूनच निर्माण झाला आहे असं मानणारा गृहस्थ.

"काका, खिडकीतून काय दिसणार? पाखरं वरून येतात. गच्चीवर जा!"

सल्ला पटण्यासारखा होता. फक्त गच्चीला कुलूप होतं आणि किल्ली खुद्द सेक्रेटरींकडे होती. काकांनी किल्ली मागितली नाही. त्यांनी अर्ज केला. मागणं वेगळं आणि अर्ज वेगळा, यावर ते तासभर बोलू शकत. तीन दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता : 'त्रुटींसह परत. पक्ष्यांची संख्या नमूद नाही. कालावधी मोघम.' काका तो कागद हातात धरून सोफ्यावर मटकन बसले. हा शेरा त्यांचा होता! चौतीस वर्षं त्यांनी लोकांना हेच लिहून परत पाठवलं होतं. तो असा लागतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी हे सगळं काकूंना जाऊन सांगितलं तेव्हा काकू उशीला टेकून उठून बसल्या. "मग? संख्या किती लिहिलीत?"

"दोन ते तीन, मागाहून वाढण्याचा संभव."

त्या दिवशी काकूंनी एक पोळी जास्त घेतली. काकांनी नोंद केली.

किल्ली मिळाली. मग वरच्या मजल्यावरचे डेंटिस्ट जिन्यात आडवे आले. "काका, नुसत्या डोळ्यांनी काय बघताय? माझी दुर्बीण घ्या ना."

"नको, नको. मी कुणाची वस्तू..."

"मागितलीत कुठे? मी देतोय." आणि दातांच्या माणसाला साजेशा सफाईने, काकांना काही कळायच्या आत त्यांनी ती गळ्यात अडकवली.

तर दुर्बीण गळ्यात, वही काखेत, डोक्यावर काकूंची उन्हाची टोपी, असे नोंदकाका रोज सकाळी गच्चीवर जाऊ लागले. तिथून त्यांना तीन पतंग, एक ड्रोन, कुणाचा तरी उडालेला पायजमा आणि असंख्य कबुतरं दिसली. ही सगळी माहिती ते खाली जाऊन काकूंना देत. चौथ्या दिवशी दुर्बीण फिरवता फिरवता समोरच्या इमारतीतल्या गाण्याच्या बाई दिसल्या. त्या बाल्कनीत हातपाय ताणून व्यायाम करत होत्या. काकांनी शहारून दुर्बीण बाजूला केली. पण बाईंनी जे बघायचं ते बघितलं होतं.

अर्ध्या तासात हवालदार हजर.

"काय बघत होता?"

"भिंगऱ्या."

"आल्यात?"

"नाही अजून."

"म्हणजे जे नाहीच आहे ते बघत होता?" हवालदारांनी तक्रारीच्या कागदावर तसंच लिहून घेतलं. काकांची मान खाली गेली. तरी त्यांना राहवेना. "तुमच्या कागदावर आवक क्रमांक नाही," ते हळूच म्हणाले. हवालदारांनी कागद उलटा सुलटा करून पाहिला. खरंच नव्हता. मग काकांनीच त्यांना रकाने आखून दिले, स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आणि खाली सही केली. हवालदार जाताना म्हणाले, "आल्या तर मलाही कळवा."

काकूंना हा किस्सा तीनदा सांगावा लागला. तिसऱ्या वेळी त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. पण वॉकरवरचा टॉवेल काही हलला नाही, आणि डॉक्टरांचा फोन येऊन गेला की आता उशीर करू नका. काकांना झोप लागेना. भिंगऱ्या आल्या की ही उठेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. का ठरवलं होतं, देव जाणे. पण माणसाला कशाला तरी धरून बसावं लागतं.

आणि अकराव्या दिवशी, ऐन सकाळी, पाण्याच्या टाकीभोवती तीस-चाळीस काळी पाखरं सुसाट घिरट्या घालताना दिसली! काकांच्या हातून पेन पडलं. लिफ्टची वाट न बघता ते चार मजले धडधडत उतरले. "आल्या! अगं, आल्या!"

काकू ताठ बसल्या. डोळे असे लकाकले की काकांना त्यांची तिशी आठवली. "तारेवर बसल्यात?"

आता, बसलेलं एकही पाखरू काकांनी पाहिलं नव्हतं. पण ते डोळे समोर असताना 'नाही' कसं म्हणायचं? "हो तर! रांगेत!"

"शेपटी दुभंगलेली?"

"अगदी कात्रीसारखी."

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि पुन्हा पाइपांकडे तोंड करून आडव्या झाल्या. उठणं नाही, काही नाही. काकांना कळेना, चुकलं कुठे. तरी त्यांनी खालच्या फळ्यावर 'कळविण्यास आनंद होतो की' अशी सुरुवात करून सूचना लावली.

ती बातमी डेंटिस्टांनी आपल्या एका पेशंटला सांगितली. पेशंट प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक निघाले. त्यांच्या तोंडात डेंटिस्टांचे दोन्ही हात असल्यामुळे त्यांना जागच्या जागी हरकत घेता आली नाही. पण दाढ निघताच, गाल सुजलेला असताना, ते तडक गच्चीवर आले. मागून सेक्रेटरी.

"या फाकोळ्या," प्राध्यापक अर्ध्या तोंडाने म्हणाले. "पाकोळ्या! भिंगऱ्या नव्हेत. पाकोळी तारेवर बसूच शकत नाही, तिचे पायच तसे नाहीत. या तर बारा महिने तुमच्या टाकीखाली राहतात."

"बारा महिने?" सेक्रेटरी ताडकन म्हणाले. "कुणाच्या परवानगीने?"

सूचना काढून घेताना काकांच्या मागे सहा माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं. त्यांना सूचनेचं एवढं दुःख नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती, आणि पहिली केली ती घरात, बायकोपाशी.

ते पलंगाच्या कडेवर जाऊन बसले. "अगं, मी खोटं बोललो. बसल्या नव्हत्या. शेपटीही नाही बघितली मी."

"माहीत आहे मला."

"कसं काय?"

"रांगेत म्हणालात ना? पहिल्या दोन-तीनच येतात, सांगितलं होतं तुम्हाला. रांग कुठून लागणार?" आणि काकू हसायला लागल्या. पोट धरधरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "शेपटी म्हणे कात्रीसारखी! तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो, कशाला नसत्या भानगडीत पडता?"

काकाही हसले. "मला नाही ओळखता येत ती पाखरं. तूच ये ना खिडकीत."

हसणं थांबलं. काकूंनी पांघरूण वर ओढलं. "मला भीती वाटते हो," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. इतक्या दिवसांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या.

काका उठले आणि म्हणाले, "ठीक आहे. तू नको येऊस. आपण पलंगच नेऊ."

पलंग शिसवीचा, काकूंच्या वडिलांनी दिलेला. हलवायचा तर निदान चार माणसं हवीत. म्हणजे मागणं आलं. काका वरच्या मजल्यावर जाऊन डेंटिस्टांच्या दारापुढे उभे राहिले. दोनदा बेलकडे गेलेला हात मागे आला. तिसऱ्यांदा बेल वाजली.

"मला... जरा मदत हवी आहे."

डेंटिस्ट पांढरेफटक पडले. नोंदकाका मदत मागताहेत म्हणजे काय झालं असेल! ते औषधांची पेटी घेऊनच धावत खाली आले. पलंगाचं कळल्यावर मात्र जिन्यातच बसून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "काका, हे तुम्ही दहा वर्षांपूर्वी का नाही मागितलंत?" या प्रश्नाला काही अर्थ नव्हता, पण काकांना तो फार बरा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. डेंटिस्ट आले. सेक्रेटरी टेप घेऊन आले. हवालदार तक्रार मिटल्याची सही घ्यायला आले होते, त्यांनी टोपी काढून बाह्या सरसावल्या. आणि गाण्याच्या बाई, ज्यांना सगळी हकीकत हवालदारांकडून कळली होती, त्या मऊ उशी घेऊन आल्या. "मला काय माहीत हो काका, घरात असं आहे ते. सांगायचं तरी!" काका नुसती मान हलवत होते.

काकूंना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून पॅसेजमध्ये ठेवलं. मग पलंगाला हात लावला.

"आडवा करा," सेक्रेटरी म्हणाले.

"तिरका करा," हवालदार म्हणाले.

"आधी हलवून हलवून सैल करायचा आणि मग ओढायचा," डेंटिस्ट अनुभवाने म्हणाले.

काका आतून ढकलत होते, बाकीचे बाहेरून ओढत होते. प्रत्येकाचा सल्ला थोडा थोडा अमलात आला आणि पलंग निम्मा आडवा, निम्मा तिरका असा दारात जो पाचरीसारखा बसला तो बसला. पुढे जाईना, मागे येईना. आत नोंदकाका, टॉवेल वाळत घातलेला वॉकर आणि पाइपांची खिडकी. बाहेर बाकी सगळं जग.

"मी म्हटलं होतं आडवा करा."

"तुमच्या टेपनेच घात केला."

"चौकट काढू या."

"चौकट काढायला समितीची मंजुरी लागते!"

अशी सगळी रणधुमाळी चालू असताना गाण्याच्या बाई एकदम म्हणाल्या, "अहो, काकू कुठे आहेत?"

खुर्ची रिकामी होती. मऊ उशी खाली पडली होती.

पलंगाच्या पलीकडे काकांनी टाचा उंचावून बघितलं. पडली! एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, खणखणीत, दरवर्षी यायचा तस्साच :

"अहो! आल्या बरं का!"

काका पलंगाला गच्च धरून उभे होते. "तू... तू कुठून बोलतेस?"

"खिडकीतून! तुमची भांडणं चालली होती, ऐकतंय कोण माझं? किलबिल ऐकू आली म्हणून बघायला आले. तीन आहेत. तारेवर बसल्यात. ऐकताय ना?"

पेपराआड अठ्ठावीस वर्षं लपलेला माणूस आता खरोखरच आडोशाला अडकला होता, आणि एकदा तरी जाऊन बघावं म्हणून त्याचा जीव नुसता तळमळत होता. "चालत गेलीस?"

"नाही, उडत! भिंतीला धरून आले हळूहळू. या ना लवकर!"

पलंगाच्या खाली, चौकटीच्या कोपऱ्यात, हातभर फट राहिली होती. नोंदकाकांनी चष्मा खिशात टाकला, जमिनीवर पालथे पडले आणि त्या फटीत डोकं घातलं. खांद्यापर्यंत ठीक गेले. पोटाशी अडकले. सगळ्या इमारतीचे अर्ज परत पाठवणारे सेक्रेटरी, ज्यांच्याकडे काकांची तक्रार होती ते हवालदार, आणि ज्यांनी ती केली त्या बाई, अशा सगळ्यांच्या पायांशी ते लोळत होते.

"ओढा," काका म्हणाले. "ओढा मला, हात जोडतो!"

डेंटिस्टांनी उजवा हात धरला, हवालदारांनी डावा. आधी हलवून सैल केलं, मग ओढलं. शर्ट टर्रकन फाटला आणि काका बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना फाटक्या शर्टाची लाज वाटली नाही.

ते स्वयंपाकघरात धावले, आणि दारातच थांबले. काकू ओट्याला एका हाताने धरून खिडकीशी उभ्या होत्या. पाय कापत होते, पण उभ्या होत्या. मागून सगळी मंडळी गोळा झाली. काका वळले. त्यांना खूप बोलायचं होतं. तुम्ही आलात, धावलात, कुणी दुर्बीण गळ्यात घातलीत, कुणी मला पोलिसात दिलंत, सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर, हे फेडायचे नाहीत मला, राहू देत असेच. त्यांनी नुसते हात जोडले आणि डोळे पुसले.

"काका," सेक्रेटरी घसा खाकरत म्हणाले, "पलंग अजून दारातच आहे."

"असू दे हो," काका म्हणाले. "बसा सगळे. चहा टाकतो."

"चहा राहू द्या आधी!" काकूंनी त्यांची बाही ओढून त्यांना खिडकीशी घेतलं. "उडतील त्या. शेपट्या बघा, गळ्याचा तो तांबूस रंग बघा. अहो, बघताय ना?"

"बघतोय गं," नोंदकाका म्हणाले.

आणि ते खाली, फरशीवर टेकलेल्या तिच्या दोन पावलांकडे बघत राहिले.